वसुबारस आणि वाघबारस

२०२५ च्या दिवाळीत, म्हणजे १७ ऑक्टोबरला, मी लग्नानंतर पहिल्यांदाच वसुबारसेला घरी नव्हते. संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, अगं आहेस कुठे? दारात पणती नाही, कुलूप आहे म्हणे! शेजारच्या काकू सांगत होत्या." मी म्हटलं, "अगं, मी वाघाच्या पूजेला आलेय." पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "ताई, तुझी शुगर चेक केली होतीस ना सकाळी?"

तर हा लेख तिच्यासाठी. आणि ज्या ज्या नातेवाइकांनी नंतर फोन करून "हे काय नवीन?" असं विचारलं त्या सगळ्यांसाठीही. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. थोडं लांबेल. शिक्षकाची जात, तास संपल्याची घंटा झाली तरी फळा पुसत नाही!

आपल्याकडे अश्विन वद्य द्वादशी म्हणजे वसुबारस. सवत्स धेनूची पूजा. माझ्या सासूबाई त्या दिवशी गहू खात नसत आणि दूध, दही, तूप यांना शिवत नसत. संध्याकाळी गाय-वासराची पूजा करून बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. आज वासराचं दूध वासरालाच, असं त्या म्हणायच्या. नाशकात गाय शोधायला पुढे पुढे दोन गल्ल्या पालथ्या घालाव्या लागत, आणि आता तर आम्ही पाटावर चांदीची एवढीशी गाय ठेवतो. पण नेम चालू आहे.

त्याच तिथीला, त्याच संध्याकाळी, नाशिकपासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर वाघबारस असते. तिथे पूजा गायीची नव्हे, गायीला खाणाऱ्याची. आपण म्हणतो, गाय सुखी राहो. ते वाघालाच सांगतात, बाबा, तुझा मान तुला देतो, आता गुरांकडे बघू नकोस. एकाच तिथीची ही दोन टोकं. मला ही गोष्ट वयाच्या तेविसाव्या वर्षी कळली होती. तिचा अर्थ लागायला पन्नास वर्षं गेली. आणि तोही मी लावला तसा नव्हताच, हे गेल्या दिवाळीत कळलं. ते पुढे येईलच.

१९७४ साली मी जव्हार भागातल्या एका आश्रमशाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले. मराठी घेऊन बी.ए. झालेली, पाठोपाठ बी.एड. झालेली, नाशकाबाहेर फारशी न गेलेली मुलगी. वडिलांनी विरोध केला, आई रडली, पण नोकरी पक्की होती आणि घरात माझ्यामागे दोन बहिणी होत्या. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. एसटी जव्हारला सोडायची, पुढे दोन तास पायी. कारवीच्या कुडाच्या भिंतींची घरं, शेणानं सारवलेल्या भिंती, उतारावर नागली आणि वरई, खोलगट जागी भात. मुलं वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, थोडी कातकरी. पहिला महिनाभर त्यांना माझं मराठी कळत नव्हतं आणि मला त्यांचं. तरीसुद्धा शिकवत मीच होते, शिकत तीच होती, अशी माझी ठाम समजूत!

मी तिथे गेले ती अज्ञान दूर करायला. हे मी उपहासानं लिहीत नाही, खरोखरच त्या भावनेनं गेले होते. आमच्या पिढीला तेच शिकवलं होतं. विज्ञान, स्वच्छता, अंधश्रद्धा निर्मूलन. त्यातलं बरंच योग्यही होतं, आजही आहे. पण त्या पोतडीत मी काय काय भरून नेलं होतं ते मला तेव्हा दिसत नव्हतं.

एक प्रसंग सांगते. तो मी घरातसुद्धा कधी नीट सांगितलेला नाही.

१९७५ चा भाद्रपद. शाळेच्या मागच्या परसात आम्ही मुलांकडून काकड्यांचे वेल लावून घेतले होते. पाऊस चांगला झाला होता, वेल मांडवावर चढले, काकड्या लटकू लागल्या. मला कोण आनंद! एका दुपारी मी टोपलीभर काकड्या काढल्या, चिरल्या, मीठ लावलं आणि मुलांना रांगेत बसवून वाटू लागले. एकही मूल खाईना. फोड हातात घेत, पण तोंडाकडे नेईनात. विचारलं तर एकमेकांकडे बघत. शेवटी सातवीतला एक मोठा मुलगा म्हणाला, "बाई, अजून देवाला नाही दाखवली. नवं खायचं नाही."

मला राग आला. आज प्रामाणिकपणे सांगायचं तर अपमान वाटला. इतकं हौसेनं केलं आणि ही मुलं नको म्हणतात! मी फळ्याजवळ उभी राहून लांबलचक भाषण केलं. काकडी जमिनीतून, पाण्यातून, सूर्यप्रकाशातून येते, तिला कुठल्या दगडाची परवानगी लागत नाही. आणि "दगड" म्हणताना माझा हात पाड्याच्या शिवेवरच्या वाघदेवाच्या दिशेला गेला होता. ते मुलांनी पाहिलं.

मग मी पहिल्या ओळीतल्या एका मुलीसमोर उभी राहिले. तिसरीत होती. हुशार, पाढे धडाधड म्हणणारी, माझी लाडकी. तिला म्हटलं, "तू खा. तू घाबरत नाहीस ना?" तिनं माझ्याकडे पाहिलं आणि खाल्ली. सबंध वर्ग तिच्याकडे बघत होता. ती हळूहळू चावत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. मी जिंकले होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आली नाही. पुढेही कधी आली नाही.

गंमत बघा... गंमत कसली, लाजच. मी ज्या घरातून आले होते त्या घरात अक्षय्य तृतीयेच्या आधी आंबा खात नसत. बाजार आंब्यांनी भरलेला असो, शेजारी रसाच्या वाट्या ओरपत असोत, माझे वडील अक्षय्य तृतीयेला पितरांना नैवेद्य दाखवल्याशिवाय फोडीला हात लावत नसत. आम्हा बहिणींनी लहानपणी कितीही हट्ट केला तरी उत्तर एकच, "आधी त्यांचं, मग आपलं." याला आम्ही वडिलांचे संस्कार म्हणत होतो. तोच नेम जव्हारच्या मुलानं सांगितला तर ती अंधश्रद्धा! त्या दुपारी एक क्षणही माझ्या मनात आंबा आला नाही. तो आला वीसेक वर्षांनी, वडील गेल्यानंतरच्या पहिल्या अक्षय्य तृतीयेला, ताट वाढताना. हातातली पळी तशीच राहिली.

त्या शाळेत मी चार वर्षं काढली. पुढे लग्न, नाशकात बदली, मुलं, निवृत्ती. ती मुलगी मात्र डोक्यातून गेली नाही. माझी खात्री होती की काकडीमुळेच घरच्यांनी तिला काढून घेतलं. तिला ताप आला असेल, भगताला बोलावलं असेल, कोंबडं द्यावं लागलं असेल, आणि बापानं म्हटलं असेल, नको ती शाळा. एवढी कहाणी मी मनात रचून ठेवली होती आणि पन्नास वर्षं तिच्याबद्दल स्वतःला दोष देत होते.

गेल्या वर्षी नातवानं कॉलेजच्या कुठल्याशा प्रोजेक्टसाठी वाघोबावर काहीबाही वाचायला घेतलं. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वारली लोकांची वाघोबाची दीडशे ठाणी अभ्यासकांनी नोंदवली आहेत, तो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला आहे, असं त्यानं मला जेवताना सांगितलं. "आजी, ही माणसं बिबट्याच्या शेजारी राहतात, त्यांची गुरं जातात, तरी त्याला देव मानतात. तू तिथे होतीस ना?" मी म्हटलं, होते. आणि मग त्यालाच म्हटलं, ने मला एकदा. वाघबारसेला ने.

सूनबाईनं काळजी केली, गुडघ्यांचे पट्टे, गोळ्यांचा डबा, थर्मास सगळं भरून दिलं. त्र्यंबकेश्वर मागे टाकलं, तोरंगणचा घाट उतरलो आणि हवेचा वासच बदलला. कापायला आलेलं भात, ओली माती, कुठेतरी पेटलेली चूल. रस्ता आता छान आहे. मोखाड्याला चहा प्यायलो. मोबाइलला रेंज होती, पाड्यापाड्यावर सिमेंटची घरं दिसत होती, दारात मोटारसायकली. मी नातवाला सारखी सांगत होते, इथे हे नव्हतं, तिथे ते नव्हतं. तो बिचारा हो हो म्हणत होता.

ज्यानं "नवं खायचं नाही" म्हणून सांगितलं होतं, तो सातवीतला मुलगा आता त्रेसष्ट वर्षांचा आहे. प्राथमिक शिक्षक होऊन निवृत्त झालाय. त्याचा पत्ता एका जुन्या सहकाऱ्याकडून मिळाला होता. अंगणात खाट टाकून वाट बघत होता. मी उतरल्याबरोबर वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही अजून तशाच आहात." हे साफ खोटं होतं, पण फार बरं वाटलं.

संध्याकाळी सगळे शिवेवर गेलो. मी ज्या दिशेला हात केला होता तिथेच. झाडाखाली लाकडाची उभी फळी, तिच्यावर वाघ कोरलेला, वर सूर्य-चंद्र. शेंदूर ताजा होता. शेजारी एक जुना दगड, त्यालाही शेंदूर. गुराखी मुलं पुढे होती, मान त्यांचा, कारण वर्षभर रानात गुरांमागे तीच असतात. नारळ फुटला, तांदूळ वाहिले, कोंबडं दिलं गेलं. ते मला बघवलं नाही, मी मान फिरवली. हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल बाईंना सगळंच गोड लागलं. भगतानं हळू आवाजात बराच वेळ वाघाशी बोलणी केली. हो, बोलणीच. विनवणी कमी आणि करार जास्त, असा तो सूर होता.

माझ्या विद्यार्थ्यानं नंतर कथा सांगितली. एका कुमारिकेला मूल झालं. ते मूल खेळता खेळता वाघ व्हायचं आणि गावाची गुरं मारायचं. गाव त्याला मारायला उठलं. तेव्हा आई मध्ये पडली. मुलाला म्हणाली, तू रानात राहा. गावाला म्हणाली, वर्षातून एकदा याला मान द्या. तेव्हापासून ही बारस. मी विचारलं, "मग आता बिबट्या गुरं मारत नाही?" तो हसला. "मारतो की बाई. दोन वर्षांमागं माझीच शेळी नेली. पंचनामा केला, वनखात्याकडं भरपाईचा अर्ज केला. आणि बारसेला नारळही दिला." नातू म्हणाला, "म्हणजे दोन्हीकडे अर्ज!" सगळे हसले.

मला मात्र त्या कथेत काहीतरी सापडलं. त्या गोष्टीत वाघ वाईट नाही आणि माणूसही वाईट नाही. दोघांची आई एक बाई आहे आणि ती दोघांनाही हद्द घालून देते. आमच्या नाशकात बिबट्या आला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. गच्च्यांवर गर्दी, मोबाइलचे कॅमेरे, आरडाओरडा, आणि मग त्याच संध्याकाळी ग्रूपवर संदेश, यांना गोळ्या का घालत नाहीत. आपल्याला त्याची भीती वाटते, हे बरोबरच आहे, जीव जातात. पण तोसुद्धा इथला रहिवासी आहे, ही गोष्ट आपल्या हिशेबातच नसते. पाड्यावर ती हिशेबात आहे. वर्षातला एक दिवस त्यासाठी राखून ठेवलेला आहे.

रात्री जेवण झाल्यावर, भाकरी आणि उडदाची आमटी, मी काकडीचा विषय काढला. पन्नास वर्षांचं ओझं होतं, घसा कोरडा पडला. सगळं सांगून म्हटलं, "माझ्यामुळे त्या पोरीची शाळा सुटली रे."

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाई, काकडी माझ्या ध्यानात आहे. तिच्या आजीनं दुसऱ्या दिवशी देवाला नारळ दिला आणि सांगितलं, बाईंना माहीत नव्हतं, पोरीचा दोष नाही. तिथंच मिटलं ते."

"मग ती का नाही आली?"

"वीटभट्टीवर गेली, बाई. आईबापांबरोबर. लहान भाऊ होता, त्याला कोण धरणार? दिवाळी झाली की निम्मा पाडा भिवंडीकडं, वसईकडं जायचा. होळीला परत. होळीला ती आली होती की. तिच्या बापानं शाळेत चौकशीही केली. तेव्हा कळलं, नाव कमी झालंय."

नाव कमी झालं होतं. सलग गैरहजर, म्हणून. हजेरीपटावर लाल शाईची ती रेघ माझ्याच हातानं मारलेली. चौकशीला तो माणूस आला तेव्हा मी कुठे होते कोण जाणे. आणि त्या पाच महिन्यांत तिच्या पाड्यावर एकदाही जाऊन आले नव्हते. पाऊण तासाची वाट होती. मी गृहीत धरलं होतं की देवाच्या भीतीनं आली नाही, अज्ञानी लोक, काय करणार!

म्हणजे बघा, मी स्वतःला चुकीच्या अपराधाबद्दल दोषी धरत होते. देवाचा अपमान त्या आजीनं एका नारळात मिटवला. माझा खरा गुन्हा वहीत होता आणि तो मला कधी दिसलाच नाही. पश्चात्तापातसुद्धा मी त्या लोकांना त्यांच्या देवापुरतंच पाहत होते. त्यांना भूक असते, भाडं-मजुरी-उचल असते, हे माझ्या कहाणीत नव्हतंच.

ती मुलगी आता तलासरीकडे असते, तिला नातवंडं आहेत, असं तो म्हणाला. गेले नाही मी. काय तोंडानं जाणार? नातू म्हणतो जाऊया. बघू.

आता माझं मत सांगते. इतकी प्रस्तावना त्यासाठीच होती.

माझ्या पिढीनं एक चूक केली. आदिवासींचं जे जे ते अडाणीपणाचं, असं समजलो. आता माझ्या मुलांची, नातवंडांची पिढी उलटी चूक करते आहे. आदिवासींचं जे जे ते थोर, निसर्गाशी एकरूप, प्राचीन शहाणपण! आमच्या सोसायटीच्या लॉबीत वारली चित्रं काढली आहेत. तारपा वाजवणारा, भोवती नाचणारी माणसं. छान दिसतात. पण पाड्यावर ही चित्रं लग्नाच्या वेळी भिंतीवर काढत, सुवासिनी काढत, आणि चौकात पालघट देवी असे. तिला लग्नाशिवाय जागा नव्हती. जिव्या सोमा मशे यांनी ती कला कागदावर आणली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्या कलेवर आज कितीतरी घरं चालतात, ती विकू नये असं मी मुळीच म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की आपण चित्र घेतलं आणि ऋतू सोडून दिला. तारप्याचंही तेच. वाळवलेला दुधी, बांबू, ताडाचं पान, यांचं ते वाद्य. पीक हाताशी आलं की त्याचे दिवस सुरू होतात, माझा विद्यार्थी म्हणाला, आधी वाजवायचा नाही. मी मात्र तारपा नाच पाहिला होता एका रिसॉर्टवर, मे महिन्यात, पोहण्याच्या तलावाशेजारी. नाचणारे थकलेले होते आणि बघणारे जेवत होते.

कुणी म्हणेल, बाई, काळ बदलतो. बदलतोच. ते लोकही बदलताहेत, लग्नात डीजे लावताहेत, मुलं इंजिनिअर होताहेत, व्हावीतच. शहाणपण म्हणून आपण त्यांना आहे तिथेच बसवून ठेवायचं आणि आपण शनिवार-रविवारी बघायला जायचं, याला मी शहाणपण म्हणणार नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीला कुपोषणानं मुलं दगावली, तेव्हा त्या पाड्यांवर वाघदेव होताच, तारपाही होता. देव असतानाही पोरं उपाशी मेली, कारण धान्य नव्हतं, दवाखाना लांब होता. ज्याला त्या परंपरेचं कौतुक करायचंय त्यानं आधी हे पाठ करावं.

आणि परंपरेतलं सगळंच राखण्यासारखं नसतं. एखाद्या बाईला भुताळी ठरवून पाड्याबाहेर काढणं, तिला मारहाण करणं, हे मी तिथे असताना कानावर आलंय. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. तो हवाच होता. साप चावला तर भगताकडे नव्हे, दवाखान्यात जायचं, हे मी तेव्हा शिकवलं, आजही शिकवीन. त्यात मला काही मागे घ्यायचं नाही.

मग मागे घ्यायचं काय? ते "दगड" म्हणून केलेलं बोट. कारण नवं न खाण्याचा नियम हा भीतीचा नियम नव्हताच. मी विद्यार्थ्याला विचारलं, "खरं सांग, का रे नाही खायचं?" तो म्हणाला, "बाई, सगळ्यांचं एकदम पिकत नाही. कुणाचं हळवं, कुणाचं गरवं. ज्याचं आधी आलं त्यानं आधी खाल्लं तर बाकीच्यांची पोरं बघत बसणार. देवाला दाखवायचा दिवस ठरला की सगळ्यांनी त्या दिवशी खायचं." हे त्यानं लावलेलं कारण. त्याचा आजा कदाचित वेगळं सांगता. पण शिक्षक आहे तो, आणि माझ्यापेक्षा चांगला शिक्षक आहे, एवढं त्या एका वाक्यात मला कळलं.

हातात आहे, पिकलेलं आहे, भूक आहे, आणि तरी थांबायचं. का, तर आपल्याआधी कुणाचा तरी हक्क आहे. देवाचा म्हणा, पितरांचा म्हणा, शेजाऱ्याच्या पोरांचा म्हणा. मला वाटतं परंपरेतलं जे काही मोठं आहे ते या थांबण्यात आहे. कोकणातले कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होड्या लोटत नसत. शासनानं जून-जुलैचे ६१ दिवस मासेमारीवर बंदी घातली ती पुढे, माशांच्या विणीचा काळ म्हणून. सासूबाईंचं वसुबारसेचं दूध तेच. वडिलांचा आंबा तोच. ही काही फक्त आदिवासींची ठेव नाही, आपल्याही घरात होती. आपण ती फ्रिजमध्ये ठेवून विसरलो. आता आंबा फेब्रुवारीत येतो, पेटीची किंमत बघून आपण थांबतो, दुसऱ्या कशासाठी नाही.

म्हणून मी म्हणते, ज्यांना त्या डोंगरातलं अध्यात्म हवंय त्यांनी तिकडे जरूर जावं, पण गप्प बसून बघावं आणि परत येऊन स्वतःच्या घरातली एक गोष्ट थांबवून बघावी. एकच. आणि जिथे गेलात तिथल्या माणसाला देवाबद्दल विचारण्याआधी विचारावं, दिवाळीनंतर तुम्ही कुठे जाता? पोरांची शाळा काय होते? मी हा प्रश्न १९७५ साली विचारला नाही. आजही काही पाडे दिवाळीनंतर रिकामे होतात, तो प्रश्न अजून जुना झालेला नाही.

सकाळी निघताना विद्यार्थ्याच्या बायकोनं पिशवीत परसातल्या दोन काकड्या घातल्या. शेवटच्या, पिवळ्या पडायला आलेल्या. मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "दाखवली आहे बाई देवाला. खा खुशाल."

गाडीत नातवानं विचारलं, चिरू का? म्हटलं, घरी गेल्यावर. आधी देवापुढे ठेवू, मग तुझ्या आईला देऊ, मग आपण.

आणि बहिणीसाठी तळटीप : शुगर व्यवस्थित आहे. पाटावरच्या चांदीच्या गायीशेजारी या वर्षीपासून एक मातीचा वाघ ठेवणार आहे. नातू आणून देतो म्हणालाय. हसायचं असेल तर हसा, पण वसुबारसेला जेवायला या. बाजरीची भाकरी आणि गवारीचीच भाजी मिळेल, आधीच सांगून ठेवते.